आम्ही कोल्हापूर पाहायला गेलो

आपल्या माणसांच्या प्रवासाची यादी काढायला बसले तर ती लवकर संपते. डिसेंबरात चैत्यभूमी, विजयादशमीला दीक्षाभूमी, जमले तर महाडचे चवदार तळे आणि एक जानेवारीला भीमा-कोरेगाव. या ठिकाणी आपण अभिवादनाला जातो. तिथे जाताना पोटाला चिमटा काढतो, पण जायचे चुकवत नाही. याखेरीज जो प्रवास घडतो तो कामाचा. दवाखाना, कोर्ट, तहसील कचेरी, मुलांचे दाखले, लग्न आणि मयत. एखादे शहर नुसते पाहायचे, फिरायचे, तिथले खायचे आणि घरी यायचे, म्हणून आपण, त्यातही आपल्या बायका, किती वेळा घराबाहेर पडलो? ज्याने त्याने मनाशी हिशेब करून पाहावा.

आम्ही बिद्रीच्या बारा जणी. बिद्री हे कागल तालुक्यातले, कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे गाव. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे गावाचे नाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. हंगाम सुरू झाला की रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातो आणि मळीचा वास घरात येतो. आमच्यातल्या बहुतेक जणी दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जातात. एक अंगणवाडीत आहे, एक शिलाई करते, एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत आणि सर्वांत थोरल्या म्हणजे आमच्या आत्ती. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. कोल्हापूर आमच्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. असे असून त्या शहरात आम्ही आयुष्यभर कशाला गेलो, तर औषधाला, बाजाराला आणि मोर्चाला.

विहारात पौर्णिमेला वंदना झाली की आम्ही प्रत्येकी शंभर रुपये बाजूला टाकत होतो. वर्ष भरले तेव्हा डब्यात चौदा हजार चारशे रुपये झाले. आता याचे काय करायचे, असा प्रश्न निघाला. कुणी म्हणाले विहाराला नवे पंखे घेऊ, कुणी म्हणाले जयंतीच्या वर्गणीत घालू. शिलाई करणारी आमची वैनी हळूच म्हणाली, "एकदा कोल्हापूर बगून येऊया की. दोन दिस. सगळ्या मिळून."

यावर चर्चा झाली आणि ती सोपी नव्हती. वस्तीतले एक जुने कार्यकर्ते आहेत. त्यांनी उभे आयुष्य चळवळीला दिले आहे आणि त्यांचा शब्द आम्ही सहसा मोडत नाही. ते म्हणाले, "बायांनो, हौसमौज ही पैसेवाल्यांची गोष्ट. आपल्या पोरांच्या फिया भरायच्या राहिल्यात. चळवळीचा पैसा फिरण्यात घालवायचा का?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. फिया खरोखरच राहिल्या होत्या. थोडा वेळ कुणीच बोलेना.

मग निवृत्त शिक्षिका बाईंनी एक आठवण काढली. ती पुष्कळ वाचकांना माहीत असेल, तरी इथे सांगण्यासारखी आहे. १९३४ साली बाबासाहेबांचे काही सहकारी मिळून त्यांच्याबरोबर सहलीला निघाले होते. सुमारे तीस माणसे होती. वेरूळची लेणी पाहायची, दौलताबादचा किल्ला पाहायचा, असा बेत होता. मोर्चा नव्हता, परिषद नव्हती, नुसती सहल. दौलताबादच्या किल्ल्याशी धुळीने माखलेली ही मंडळी पोचली आणि दरवाजाजवळच्या लहानशा हौदावर त्यांनी हातपाय धुतले. त्यावरून हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, लोक जमले आणि प्रकरण हातघाईवर येऊ लागले. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कुणी पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे.

बाई म्हणाल्या, "बाबासाहेबांनासुद्धा पाहायला जावेसे वाटले होते. किल्ला पाहणे ही हौस असेल, तर ती त्यांनीही केली आहे. आणि आपल्याला ती करू दिली जात नव्हती, म्हणूनच ती आता केली पाहिजे."

कार्यकर्ते काका गप्प राहिले. मग म्हणाले, "जावा. पण नुसतं अंबाबाई आणि भेळ करून येऊ नका. आपलं कोल्हापूर बगून या." तेवढे बोलून त्यांनी कागद मागवला आणि आम्हाला ठिकाणांची यादी करून दिली. डब्यातले चार हजार मुलांच्या फियांना द्यायचे आणि उरलेल्या पैशांत दोन दिवस बसवायचे, असा तोडगा निघाला. दोन्ही रात्री मुक्कामाला घरीच यायचे, म्हणजे लॉजचा खर्च वाचला.

शनिवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तर वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. त्यामुळे आत्तींचे तिकीट शून्य रुपयांचे आले. ते त्यांनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवले. इस्पुर्ली गेली, कळंब्याचा तलाव आला आणि शहर सुरू झाले. याच रस्त्याने आम्ही कितीदा गेलो असू, पण खिडकीतून बाहेर पाहत गेलो नव्हतो. दवाखान्यात निघालेल्या माणसाचे लक्ष खिडकीबाहेर नसते.

स्टँडवर उतरल्याबरोबर एक रिक्षावाला पुढे आला. "मावशी, अंबाबाई ना?" आमच्यातली एक म्हणाली, "न्हाई, दसरा चौक." तो चकित झाला. त्याचेही खरेच होते. कोल्हापूरला लोक 'दक्षिण काशी' म्हणतात आणि स्टँडवर उतरलेली बायकांची टोळी देवळाला जाणार, हे त्याने गृहीतच धरले होते. ज्यांना जायचे त्यांनी जावे, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमची यादी वेगळी होती, एवढेच.

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. आम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलो आणि बाईंनी मुलांना शिकवावे तसे आम्हाला सांगितले. २६ जून १८७४ रोजी महाराजांचा जन्म झाला. २ एप्रिल १८९४ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, ते गादीवर बसले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शहरात शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या पोरांनी राहायचे कुठे, हा प्रश्न ओळखून त्यांनी जातीजातींच्या बोर्डिंगांना जागा आणि पैसा दिला. १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुस्लिम आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. अंगणवाडीतल्या वैनी म्हणाल्या, "म्हंजे आमची नोकरीबी ह्येंच्यामुळंच." त्यात काही खोटे नाही.

तिथून टाऊन हॉलच्या बागेत गेलो. जुनी, घनदाट झाडे आणि मधोमध टोकदार कमानींची दगडी इमारत. आत पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनांच्या काळातले घरसंसार मातीखालून वर आले. मातीची भांडी, मणी, ब्राँझच्या वस्तू. त्यात समुद्राचा ग्रीक देव पोसायडन याची वीतभर मूर्ती आहे. रोमशी व्यापार करणारी माणसे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी राहत होती, त्याची ही खूण. याच शहरात एकोणिसाव्या शतकात खोदकाम करताना स्तूपाचे अवशेष आणि धातूंचा करंडक सापडला होता, दात्याचे आणि बांधणाऱ्याचे नाव कोरलेला. म्हणजे आज ज्याला लोक देवीचे गाव म्हणतात, तिथे एके काळी बुद्धाला वंदन करणारी, दान देणारी माणसे नांदत होती. हे ऐकल्यावर भांडी आणि मणी पाहणाऱ्या आमच्या बायकांची नजरच बदलली. काचेला नाक लावून आम्ही प्रत्येक वस्तू पाहिली.

बाहेर आल्यावर आत्ती बागेतल्या कट्ट्यावर बसल्या. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मोठा सरकारी दवाखाना. त्या बराच वेळ तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तिथं म्हैनाभर हुते मी, मालकांच्या उशाशी. रोज ह्या झाडांकडं बगायची. पर आत येऊ देत्यात का न्हाई म्हाईत न्हवतं, म्हून आले न्हाई." त्यांना कुणी अडवले नव्हते. दार उघडे होते. पण उघड्या दारातूनही आपल्याला आत जाता येते, हे कुणी तरी सांगावे लागते. आम्ही बायका लगेच काही बोललो नाही. आत्तींच्या बाजूला जाऊन बसलो आणि डब्यातले लाडू तिथेच, त्या झाडांखाली खाल्ले.

जवळच, सिद्धार्थनगरला लागून, नर्सरी बाग आहे. महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले, त्यानंतर त्यांचे पहिले स्मारक या बागेत उभे राहिले. आणि ते उभारायला पुढाकार कुणाचा, तर गंगाराम कांबळे आणि त्यांच्या अस्पृश्य बांधवांचा. सरदार-दरकदारांनी नाही, ज्यांना महाराजांनी माणूस म्हणून जवळ केले त्यांनी पदरमोड करून ते बांधले. अलीकडच्या काळात तिथे महाराजांचे समाधीस्थळही झाले आहे. जागा शांत आणि स्वच्छ आहे. आम्ही फुले वाहिली आणि उभ्यानेच त्रिशरण-पंचशील घेतले.

गंगाराम कांबळे हे नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. ते महाराजांच्या पागेत नोकर होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज फिरायला निघाले की आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले. मोठ्याने हाक मारून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचा. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारणार कसा? १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक विहिरी, दवाखाने, धर्मशाळा, शाळा यांत शिवाशीव पाळू नये असे हुकूम काढले. पण हुकूम कागदावर राहतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी रस्त्यात गाडी थांबवून चहा प्यायला.

ते हॉटेल आज नाही. भाऊसिंगजी रोड मात्र आहे, गजबजलेला, दुकानांनी भरलेला. आम्ही ठरवूनच आलो होतो की या रस्त्यावर चहा प्यायचा. एका गाड्यावर बारा चहा सांगितले. चहावाल्या मुलाने काचेचे ग्लास भरून पुढे केले. आत्तींनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि सांगू लागल्या. त्या लहान असताना बाजारच्या गावी एका हॉटेलाबाहेर खुंटीला कान तुटलेला कप टांगलेला असे. वडिलांनी तो काढायचा, खाली बसायचे, वरून चहा ओतला जायचा आणि पिऊन झाला की कप आपणच विसळून पुन्हा खुंटीला अडकवायचा. पैसे मात्र बाकीच्यांइतकेच. चहावाला मुलगा ऐकत होता. विशीतला असेल. त्याने विचारले, "खरंच असं हुतं, आज्जी?" आत्ती म्हणाल्या, "व्हय बाळा. तुज्या आज्ज्याला इचार." कुठल्या समाजाचा होता कोण जाणे, आम्ही विचारले नाही. पण पैसे घेताना त्याने आत्तींच्या चहाचे घेतले नाहीत.

भवानी मंडपातून पुढे बिंदू चौक. जुन्या कोटाची काळी दगडी भिंत अजून तिथे उभी आहे. याच चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले. तारीख पुन्हा वाचा. १९५० साली बाबासाहेब हयात होते, देशाचे कायदेमंत्री होते. माणूस जिवंत असताना त्याचा पुतळा उभारणे ही आपल्या देशात दुर्मीळ गोष्ट. या चौकात आम्ही पूर्वी मोर्चाने आलो होतो, घोषणा देत. तेव्हा गर्दीत पुतळा नीट दिसला नव्हता. या वेळी शेजारच्या पायरीवर बसून सावकाश पाहिला. गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी आहेत आणि चौकात येणाऱ्या प्रत्येकाला ते एकाच वेळी दिसतात, ही त्या जागेची खरी शोभा.

दुपारी भूक लागली. कोल्हापूरला येऊन तांबडा-पांढरा रस्सा खायचा नाही, हे शोभत नाही. ज्यांना नाही ते पाहिजे, त्यांच्यासाठी मिसळ आहेच, झणझणीत कट आणि ब्रेडच्या स्लाइस. आम्ही एका खाणावळीत दोन टेबले जोडून बसलो. तांबडा रस्सा मसाल्याचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. पांढरा खसखस-नारळाचा, तो जीभ शांत करतो. एक वाटी याची, एक वाटी त्याची, असे ओरपत जेवायचे. "रस्सा वाढू का, मावशी?" म्हणून मुलगा पुन्हा पुन्हा येत होता. बाराजणींपैकी सात जणी आयुष्यात पहिल्यांदाच खाणावळीत जेवत होत्या. कुणाला वाढायचे नाही, शेवटी उरलेसुरले खायचे नाही, गरम आहे तोवर आपणच खायचे. याचीच आम्हाला सवय नव्हती.

जेवण झाले. आत्ती उठल्या, त्यांनी आपले ताट उचलले आणि मोरीकडे चालू लागल्या. त्यांना वाटले, आपले आपणच विसळायचे. त्या मुलाने पुढे होऊन ताट हातातून घेतले. "ऱ्हाऊ द्या आज्जी, आमचं काम हाय ते." त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. पण आम्हा साऱ्यांच्या डोळ्यांसमोर खुंटीवरचा तो कप आला. सत्तर वर्षे झाली, कायदे झाले, राज्यघटना आली, धम्म आला, आणि तरी त्या हातांना विसळायची सवय राहिली होती. ही सवय भाषणाने जात नाही. कुणी तरी आपले ताट प्रेमाने उचलून न्यावे लागते, तेही चारचौघांत.

दुपारी न्यू पॅलेस पाहिला. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला हा राजवाडा चार्ल्स मांट या इंग्रज अभियंत्याने आखला. राजघराण्याच्या वस्तू, हत्यारे, शिकारीतली जनावरे, सारे मांडून ठेवले आहे. आम्हाला वाटले त्याहून पाहणारे जास्त होते, परगावचे, परराज्यातले. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. सूर्य तळ्यात उतरताना शालिनी पॅलेसचा मनोरा काळा दिसू लागतो आणि पाणी तांब्यासारखे होते. भेळ खाल्ली. रंकाळ्यावरून गंगावेशीत येऊन कट्ट्यावरचे धारोष्ण दूध प्यायलो. म्हैस समोर उभी, धार समोर काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. शिलाईवाल्या वैनीने दुधाची मिशी पदराने पुसली आणि म्हणाली, "आमच्या म्हशीचं दूध आमी डेअरीला घालतो, कपभर ठेवतो च्याला. पेलाभर दूध पोरगी असताना पेले हुते." मग शेवटची एसटी पकडली.

रविवारी आम्ही क्रूझर गाडी ठरवली. गावातलाच वडापवाला, ओळखीचा. पहिला मुक्काम माणगाव, तालुका हातकणंगले. इथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय अवघे अठ्ठावीस. त्याच वर्षी ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू झाला होता, त्यालाही महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे. पुढे काय घडणार आहे, हे त्या दिवशी किती जणांना कळले असेल? राजाला कळले होते. माणगावात स्मारक आहे. मार्चमध्ये तिथे मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा मात्र आम्हीच होतो, आणि शांतपणे पाहायला ते बरेच झाले. आसपास तसाच ऊस, तसेच रान, तशीच भांगलणीला निघालेली माणसे. आमच्यातली एक म्हणाली, "आपल्या बिद्रीसारखंच गाव की हे." हो, तसेच. इतिहास असल्याच गावात घडला.

तिथून गाडी पन्हाळ्याच्या दिशेने वळवली. वाटेत जोतिबाच्या डोंगराचा फाटा लागतो. गुलालाने माखलेल्या गाड्या वर जात होत्या. त्याच डोंगराच्या अंगाला, पोहाळे गावाजवळ, खडकात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. वर लाखो माणसे जातात, खाली फार थोडी येतात. खांबांचा मंडप आहे, भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत. माणसाला आडवे होण्यापुरती जागा, बाकी काही नाही. बाहेर ऊन आणि आत गारवा. आम्ही मंडपात बसून बुद्धवंदना म्हटली. दगडात आवाज घुमला आणि क्षणभर वाटले की आपल्याबरोबर आणखी कुणी तरी म्हणते आहे. लोक या लेण्यांना पांडवांचे नाव देतात. आपल्या मुलांना मात्र ती कुणाची, हे आपणच सांगितले पाहिजे. लेण्यांत जाताना झाडू आणि पाण्याची बाटली न्यावी. आम्ही आत पडलेले कागद आणि बाटल्या गोळा करून गाडीत आणल्या.

पन्हाळ्यावर वारा इतका की पदर सांभाळावे लागले. तीन दरवाजा, अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे, सज्जाकोठी, अंधारबाव, सारे पायी फिरून पाहिले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यात पन्हाळाही आहे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज इथून निसटले, ते शिवा काशीद यांनी त्यांचे सोंग घेऊन स्वतःला शत्रूच्या हवाली केले म्हणून. शिवा काशीद जातीने न्हावी. बाजीप्रभूंचे शौर्य सर्वांना पाठ असते. शिवा काशीद यांच्या पुतळ्यासमोर आम्ही जरा जास्त वेळ उभ्या राहिलो.

गडावर झुणका-भाकर मिळते. खर्डा, दही, कांदा आणि चुलीवरची गरम भाकरी. हेच आम्ही घरी रोज करतो, मग पैसे देऊन काय खायचे, असे आधी एकीने म्हटले. पण भाकरी थापणारी बाई आमच्यासारखीच होती. तिने आत्तींना पाट दिला, पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि आम्ही कुठल्या गावच्या, काय काम करतो, सारे विचारून घेतले. "दुसऱ्याच्या हातची भाकरी गोड लागती," आत्ती म्हणाल्या. त्यांनी दोन खाल्ल्या.

परत आल्यावर पुढच्या पौर्णिमेला हिशेब मांडला. फियांचे चार हजार आधीच दिले होते. एसटी, रिक्षा, क्रूझर, जेवणखाण, तिकिटे सारे जाऊन डब्यात अकराशे रुपये उरले. कार्यकर्ते काकांनी पाई-पाईचा हिशेब तपासला. मग म्हणाले, "आता माणगावात काय बगितलं ते पोरांना सांगा." दर रविवारी विहारात एक जण सांगते. बोलायला लाजणारी शिलाईवाली वैनी गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगते आणि फार चांगली सांगते.

वाचक भगिनींना आमचे एवढेच सुचवणे आहे. तुमच्या जिल्ह्याचे शहरही तुम्ही औषधाला आणि कचेरीलाच पाहिले असेल. तिथे कुठे बाबासाहेब येऊन गेले, कुठे परिषद झाली, कुठल्या डोंगरात लेणे आहे, याची यादी वस्तीतल्या जाणत्या माणसाकडून करून घ्या. पौर्णिमेला थोडे थोडे बाजूला टाका. मुलांच्या फिया आधी काढून ठेवा, कर्ज मात्र काढू नका. बरोबर एक तरी थोरली बाई न्या, कारण तिने जे पाहिले ते पुस्तकात सापडत नाही. आणि एक वेळ तरी बाहेर बसून जेवा. घरून डबा नेऊन सगळा खर्च वाचवू नका.

डब्यात पुन्हा शंभर-शंभर रुपये पडू लागले आहेत. पुढच्या थंडीत राधानगरीला जायचे ठरते आहे. भोगावतीवरचे ते धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतले होते. या वेळी पुरुष मंडळींनीही यायचे म्हटले आहे. आम्ही अट घातली आहे की त्या दिवशी पहाटे उठून चहा त्यांनी करायचा आणि कप त्यांनीच विसळायचे.